वॉलआय काठावरून पकडायचा तर एप्रिलची मॉमी की नोव्हेंबरचा ह्युरॉनचा धक्का?

मित्राचा धाकटा भाऊ अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला असतो, नुकताच रॉड घेतलाय, त्याचा फोन आला. दादा, बोट नाही, बोटीचे पैसे पण नाहीत, सुट्ट्या वर्षाला मोजून दोन-तीन, लेक ईरीचा वॉलआय काठावर उभं राहून पकडायचाय तर कधी आणि कुठे जाऊ? मी दोन्हीकडे बरीच वर्षं थंडीत बोटं गोठवून घेतलीत, त्यामुळे फोन पाऊण तास चालला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेक ईरी म्हणजे ओहायोच्या उत्तरेला लागून असलेलं अवाढव्य सरोवर, आणि वॉलआय म्हणजे पर्चच्या खानदानातला मासा, पिवळसर-हिरवट अंग, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका आणि डोळे काचेच्या गोट्यांसारखे. टॉर्च पडली की चमकतात, आपल्या जिताड्याचे चमकतात तसेच. अंधारात आणि गढूळ पाण्यात याला बाकीच्या माशांपेक्षा चांगलं दिसतं आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. एरवी उन्हाळाभर तो आत खोल पाण्यात, बोटवाल्यांच्या ताब्यात. काठावरच्या माणसाच्या टप्प्यात तो वर्षातून दोनदाच धड येतो, मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालायला नदीत चढतो तेव्हा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर खायला किनाऱ्याला लागतो तेव्हा.

आधी मॉमी. ही नदी इंडियानातल्या फोर्ट वेनपासून निघून टोलेडोला लेकमध्ये पडते. मासे लेकमधून वर चढतात आणि मॉमी-पेरिसबर्गच्या खडकाळ, खळखळत्या टप्प्यात अंडी घालतात. पाणी ४२ ते ५२ फॅरनहाइटच्या मधे आलं की मजा सुरू. साइड कट पार्क, ऑर्लिन्स पार्क, बटनवूड, कुठेही गाडी लावा, वेडर्स (छातीपर्यंत येणारी, पाणी आत न येणारी पँट) चढवा आणि पाण्यात उतरा. आणि माणसं! एप्रिलच्या शनिवारी अंगारकीच्या रांगेसारखी खांद्याला खांदा लावून उभी असतात. सगळ्यांनी एका लयीत फेकायचं, एका लयीत गुंडाळायचं, तुमची लय चुकली की चार जणांच्या दोऱ्या तुमच्या दोरीत, आणि मग त्या थंडीत ती जिलबी सोडवत बसा.

सामान स्वस्त आहे. दोरीत ओवलेलं शिसं, त्याखाली स्विव्हल म्हणजे फिरती कडी, मग दीड-दोन फुटांची लीडर म्हणजे दोरीचा वेगळा तुकडा, आणि टोकाला तरंगणारं जिग म्हणजे डोकं बसवलेला हुक, त्यावर रबरी शेपटी. थोडं प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचं, शिसं तळाच्या दगडांवर टक् टक् करत वाहत जातं, ती टकटक बोटाला कळली पाहिजे. टकटक थांबली की एकतर मासा किंवा दगड. बहुतेक वेळा दगड. पहिल्या दिवशी मी जेवणाच्या आधी अकरा सेट नदीला अर्पण केले होते, म्हणून त्याला सांगितलं की रात्रीच घरी बसून तीसेक बांधून ठेव.

नियम मात्र नीट वाचा. १ मार्च ते १ मे तिथे सूर्योदय ते सूर्यास्तच गळ टाकता येतो, हुक एकच आणि तोही लहान, ट्रेबल म्हणजे तीन टोकांचा हुक चालत नाही. आणि हुक तोंडाच्या आत लागलेला असेल तरच मासा ठेवायचा, पाठीला शेपटीला लागला तर सोडून द्यायचा. इथेच माझी खरी कुरकुर आहे. अंडी घालायला आलेल्या माशाचं खाण्याकडे तेवढं लक्ष नसतं, बरेचदा दोरी त्याच्या उघड्या तोंडातून सरकत जाते आणि हुक जाऊन बसतो. म्हणजे त्याने खाल्लं की आपण ओवलं हा प्रश्न राहतोच. माझा पहिला ‘मोठा’ मासा शेपटीला लागून उलटा आला होता, शेजारच्या म्हाताऱ्याने काही न बोलता नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं, सोडला.

आता ह्युरॉन. क्लीव्हलंड आणि टोलेडोच्या मधे ह्युरॉन नावाचीच छोटी नदी ह्युरॉन गावात लेकला मिळते, तिथे लांबलचक काँक्रीटचा धक्का आहे, टोकाला दीपस्तंभ. नोव्हेंबरात शॅड आणि शायनर या छोट्या माशांचे थवे किनाऱ्याजवळ येतात, त्यांच्यामागे अंधार पडल्यावर वॉलआय. असंच व्हर्मिलियनला, लोरेनला, क्लीव्हलंडच्या एजवॉटरच्या दगडांवरून पण होतं, पण गाडी लावून सरळ चालत जायला ह्युरॉन सोपं.

इथे सामान वेगळं. लांब, सडपातळ, माशासारखे लूर म्हणजे नकली आमिषं, ‘रोग’ किंवा ‘हस्की जर्क’ नावाने मिळतात त्या टाइपचे, ट्रेबल हुकवाले, लेकवर ते चालतात. एकेक आठ-दहा डॉलरला, दगडात अडकला की जीव तुटतो. फेकायचा आणि हळू गुंडाळायचा, म्हणजे वाटतंय त्याच्या निम्म्या स्पीडने, मधेच थांबायचं. पॉझमध्ये दोरी एकदम जड होते, झटका वगैरे नाही, कुणीतरी ओला टॉवेल टांगल्यासारखी, तोच मासा. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतं, ते हाताने फोडायला जाऊ नका, कडी निघून येते (माझी आलीय), टोक पाण्यात बुडवून विरघळवा. हेडलॅम्प पाण्यावर मारू नका, शेजारचा शिव्या देईल आणि बरोबरच देईल. पाणी धक्क्यापासून बरंच खाली असतं, त्यामुळे लांब दांड्याचं जाळं नसेल तर मासा अर्ध्यातून परत जातो. आणि बुटाला खिळे लावा.

मासा कुठे मोठा? ह्युरॉनला, यात वादच नाही. नदीत जास्त करून नर लागतात, सोळा ते वीस इंची, माद्या अधूनमधून. नोव्हेंबरातला मासा मात्र खाऊन खाऊन गुबगुबीत. ओहायोचा रेकॉर्ड वॉलआय, १६.१९ पौंडांचा, १९९९ च्या नोव्हेंबरातलाच, लेक ईरीचा. (तसं वजन वाढवायचे इतर मार्गही आहेत म्हणा, २०२२ मध्ये क्लीव्हलंडच्या स्पर्धेत माशांच्या पोटातून शिशाचे गोळे निघाले आणि दोघं जेलमध्ये जाऊन आले.) पण मासे किती, असं विचाराल तर मॉमी. चांगल्या दिवशी नवशिक्याचेही सहा होतात, सहाचीच लिमिट आहे आणि पंधरा इंचाखालचा ठेवायचा नाही. धक्क्यावर मी सलग चार रात्री रिकाम्या हाताने परत आलोय आणि पाचव्या रात्री वीस मिनिटांत तीन.

भीती दोन्हीकडे आहे, फक्त वेगळी. मॉमीत पाऊस झाला की पाणी चढतं आणि मांडीएवढं होतं ते छातीला येतं, म्हणून निघायच्या आधी वॉटरविलच्या गेजचा, म्हणजे नदीची पातळी मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा बघा आणि लाइफ जॅकेट घालाच, त्या गार पाण्यात वेडर्ससकट पडलात तर पोहता येणं फार कामाला येत नाही. ह्युरॉनला वाऱ्याची दिशा बघायची. दक्षिणेचा वारा म्हणजे पाठीमागून, पाणी शांत. उत्तर-ईशान्येचा जोराचा असेल तर लाटा धक्क्यावरून जातात, तेव्हा घरी बसा, आणि नंतरचे दोन-तीन दिवस पाणी गढूळ, तेव्हाही बसा. इतकं गढूळ की वॉलआयला पण लूर दिसत नाही. ईरीला भरती-ओहोटी अशी नाही, पण जोराचा नैर्ऋत्येचा वारा पाणी ढकलून पार बफेलोकडे नेतो आणि टोलेडोच्या बाजूला काही फुटांनी उतरतं, कोकणातली खाडी बघितलेल्याला तो चिखल बघून घरची आठवण येईल.

खायच्या बाबतीत मी नोव्हेंबरवाला. मांस पांढरं, वास जवळजवळ नाही, तुकडे करून रव्यात घोळवून तव्यावर, मालवणी मसाला जरा हात राखून. एप्रिलमध्ये गाबोळीचा मोह होतो हे कबूल, कायदा आडवा येत नाही, तरी मोठी मादी लागली की मी सोडतो, ज्याचं त्याने ठरवावं. फार मोठे मासे रोज खाऊ नयेत, पारा वगैरे साठलेला असतो.

तर त्याला काय सांगितलं? पहिल्यांदा एप्रिलमध्ये मॉमीला ये, पण मंगळवार-बुधवारी, शनिवारी नाही. मासा दोरीवर आल्यावर काय करायचं हे हाताला एकदा कळू दे, ते नदी एका दिवसात शिकवते कारण मासे भरपूर लागतात. ह्युरॉनला पहिल्याच वर्षी गेलास तर थंडीत चार रात्री काही न लागता रॉड विकून टाकशील. ज्याला गर्दी सहन होत नाही किंवा गुडघे कुरकुरतात त्याने मात्र नदीच्या नादी लागू नये, गोल गुळगुळीत दगडांवर प्रवाहात उभं राहणं सोपं नाही, त्याने सरळ नोव्हेंबरपर्यंत थांबावं. लायसन्स दोन्हीकडे लागतंच, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला.

त्याने वेडर्स मागवलेत. एक साइज मोठी घ्यायला लावलीय, आत लोकरीचे दोन मोजे बसले पाहिजेत.