आठवा फर्मा

बसला ब्रेक लागला आणि पान ११३ ते १२८ माझ्या मांडीवरून घसरून शेजारच्या काकूंच्या पिशवीत गेली. अख्खा आठवा फर्मा, म्हणजे छापताना एकत्र घडी घातलेली सोळा पानं. पिशवीत मेथी होती.

शहरात राबणाऱ्या माणसांवरच्या लेखांचं पुस्तक. हमाल, कचरावेचक, घरकामवाल्या, जेवण पोचवणारी पोरं. छापील किंमत ३५०, प्रदर्शनात वीस टक्के सूट म्हणून २८० ला घेतलं. आठ महिने झाले. नाव देत नाही, प्रकाशकाशी भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी बांधणी. शिलाईच नाही. पाठ खरवडून गरम गोंद लावलाय आणि वर मुखपृष्ठ चिकटवलंय. पहिल्याच आठवड्यात पुस्तक उघडताना ‘कट्ट’ असा आवाज आला होता, तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझ्याकडे अनिल अवचटांचं ‘माणसं’ आहे, तेही कष्टकऱ्यांवरच्या लेखांचं, जुन्या बाजारातलं, पानं पिवळी पडलीत पण एक सुटलेलं नाही. प्रकाशकाकडे फोन केला तर पलीकडून प्रश्न, “तुम्ही पुस्तक फार उघडता का?” पुस्तक उघडायचं नाही तर काय, ओवाळायचं? बदली प्रत मिळाली, पण कुरिअरचे साठ रुपये माझे. तिचीही तीच गत.

हा अनुभव गेल्या महिन्यात लिहिला असता तर मजकुरालाही दोनच तारे दिले असते. लेखक दर दोन पानांनी हेलावतो. चहा घेतो, हेलावतो, निघतो. अवचट समोरच्याला मजुरी किती, कापून किती घेतात, घरी खाणारी तोंडं किती, असं विचारत बसायचे. इथे आकडा शोधावा लागतो.

पण मेथीतून काढलेली पानं क्रमाने लावताना तो हमालांवरचा लेख दुसऱ्यांदा वाचला गेला. तिथे हा गृहस्थ हेलावत नाही, नीट समजावून सांगतो. हमालाचा मालक रोज बदलतो, मग त्याच्या भविष्य निर्वाह निधीचं, बोनसचं कोण बघणार? म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं आणली. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे निधी-बोनससाठीची जादा रक्कम, मंडळात भरायची, तिथून ती हमालाला. मी औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं काढली. आमच्या गेटवर ‘माथाडी’ म्हणजे दमदाटी, मीही तो शब्द तसाच वापरायचो. पोतं उचलणारा एक आणि त्याच्या नावावर दम देणारा दुसराच, हे निवृत्तीनंतर कळलं. लेखाला चार तारे.

मग अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातला बाइंडर गाठला. त्याने १२० सांगितले, मी घासून ९० वर आणले. आणि अवचटांची सवय लागलेली, म्हणून विचारलं, यात सुटतात किती? सुई न थांबवता म्हणाला, “पुठ्ठा, कापड, खळ, पन्नास गेले. सकाळपासून हे तिसरं पुस्तक. बाकी तुम्हीच मांडा.” मांडलं. १२० दिले. बायकोला ९० च सांगितलेत.

आता पुस्तक मजबूत आहे, फक्त सपाट उघडत नाही. टाके बाजूने घातलेत, त्यामुळे आतल्या अंगाचे शब्द मान वाकडी करून वाचावे लागतात. कडा कापताना समासातल्या माझ्या पेन्सिलच्या नोंदीही अर्ध्या गेल्या.

घेणार असाल तर दुकानातच पाठीकडे वरून बघा, शिवलेल्या पुस्तकात फर्म्यांच्या घड्या दिसतात. नाही दिसल्या तर किंमत ३५० नाही, ४७० धरा.