स्नोबोर्डवर बाइंडिंग बसवण्याच्या दोन पद्धती: एका हिवाळ्याच्या वापरानंतर आणि एका उन्हाळ्याच्या साठवणीनंतर

जळगावात राहून स्नोबोर्डिंग करणाऱ्याला बर्फासाठी गुलमर्ग गाठावे लागते आणि सुटे भाग तर तिथेही खात्रीने मिळत नाहीत, हे धरूनच सामान घ्यावे लागते. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला जखडून ठेवणाऱ्या भागाचे, पट्टे आणि कडकपणा यांचा विचार सगळेच करतात. ते बोर्डावर बसते कसे, याकडे मात्र खरेदी झाल्यावर लक्ष जाते. माझा बोर्ड २ × ४ छिद्रांचा आहे आणि मावसभावाचा बर्टन या स्नोबोर्ड कंपनीच्या चॅनेल पद्धतीचा. हिवाळाभर आम्ही दोन्ही बोर्ड आलटून पालटून वापरले.

२ × ४ पद्धतीत बोर्डाच्या गाभ्यात आटे पाडलेल्या धातूच्या बैठका दोन रांगांत बसवलेल्या असतात. दोन रांगांत ४ सेंटिमीटर आणि एकाच रांगेतल्या दोन छिद्रांत २ सेंटिमीटर अंतर असते. बाइंडिंगच्या मध्यावरील गोल डिस्क चार एम ६ (सहा मिलिमीटर जाडीच्या) स्क्रूंनी त्यांवर आवळली जाते. डिस्कच्या खाचा बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, तर दोन पावलांमधले अंतर थोडे कमी-जास्त करता येते. आडव्या ठेवल्या, तर बूट टाच आणि चवडा यांच्या दृष्टीने बरोबर मध्यावर आणता येतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत, आणि ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे.

चॅनेलमध्ये छिद्रांऐवजी प्रत्येक पायाखाली एक लांब खाच असते, तिच्यात सरकणारे दोन नट असतात आणि हव्या त्या ठिकाणी दोन स्क्रू आवळले की काम होते. मावसभावाचा गुडघा उताराच्या शेवटी दुखत असे; मागचे बाइंडिंग जेमतेम अर्धा सेंटिमीटर आत सरकवल्यावर आणि कोन किंचित बदलल्यावर ते दुखणे स्पष्टपणे कमी झाले. छिद्रांच्या बोर्डावर इतका बारीक बदल मला कधी जमला नव्हता. एक गोष्ट मात्र खरेदीआधीच पाहावी: बर्टनचे ईएसटी बाइंडिंग केवळ चॅनेलवर बसते, तर री-फ्लेक्स डिस्कचे बाइंडिंग चॅनेल आणि छिद्रे या दोन्हींवर बसते. पुढे बोर्ड बदलण्याची शक्यता असेल, तर री-फ्लेक्सच घ्यावे.

तरीही माझा कौल २ × ४ कडे आहे आणि त्याचे कारण स्क्रू हेच आहे. चॅनेलचा सरकता नट हा खास भाग आहे. तो बर्फात पडला, तर जळगाव-भुसावळच्या कोणत्याही नट-बोल्टच्या दुकानात त्याला पर्याय नाही. एम ६ चे स्क्रू मात्र सर्वत्र मिळतात. अर्थात तिथेही काळजी हवी, कारण स्क्रूचे डोके डिस्कच्या खळग्यात नीट बसले पाहिजे आणि लांबी मूळ स्क्रूइतकीच असली पाहिजे. स्क्रू लांब असला, तर बैठकीच्या तळाशी टेकून बोर्डाच्या खालच्या बाजूस फुगवटा येतो. आखूड असला, तर मोजकेच आटे धरतात आणि ताणाखाली निसटतात. बहुतेक स्क्रूंना पोझिड्रिव्ह (फिलिप्ससारख्याच दिसणाऱ्या, पण वेगळ्या फुलीच्या टोकाचा) तीन नंबरचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने डोक्याची खाच झिजते, म्हणून पोझिड्रिव्हचा घरूनच न्यावा.

रेल्वेत फिटर असलेल्या माझ्या मामांनी स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळण्याची पद्धत शिकवली. तीमुळे डिस्क सपाट बसते आणि एका बाजूने उचलली जात नाही. गोंडोलाने (केबल कारने) गुलमर्गच्या अफरवत शिखराकडे जाऊन पहिली फेरी उतरल्यावर प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासावा, कारण नव्याने बसवलेली डिस्क पहिल्या काही हिसक्यांत थोडी दबते. स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचे द्रव प्लास्टिकच्या डिस्कवर सांडू देऊ नये. काही प्लास्टिकला त्यामुळे तडे जातात. आट्यांवर आधीच नायलॉनचा लेप असलेले स्क्रू मला अधिक सुरक्षित वाटतात.

मोसम संपल्यावर मी बाइंडिंग काढूनच ठेवते. आवळलेल्या स्थितीत महिनोन्महिने राहिलेल्या बोर्डाच्या बुडावर बैठकींजवळ खळगे दिसू शकतात, आणि पारा पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या आमच्या घरात बोर्ड पत्र्याखालच्या खोलीत ठेवणे तर मी टाळतेच. काढलेले स्क्रू पुसून, कोरडे करून डबीत ठेवावेत, म्हणजे पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांना गंज धरत नाही.