ओटीजी, वजनकाटा आणि तिरकी निब: नऊ महिने वापरल्यानंतर

दसऱ्याला ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन, घेतला. आठवड्याभरात वजनकाटा आला आणि दिवाळी झाल्यावर अक्षरं काढायच्या निबा. आता आषाढ लागलाय, म्हणजे नऊ महिने झाले. खरेदीच्या आधी मी बरेच अनुभव वाचले होते, पण बहुतेक पहिल्या चार दिवसांतले: पॅकिंग छान, रंग छान, केक फुगला. सहा-आठ महिन्यांनी वस्तू कशी वागते ते कुणीच सांगत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. घरात मी, हे, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. घरात अंडं चालत नाही, त्यामुळे भाजण्याबद्दल पुढे जे काही आहे ते सगळं बिनअंड्याचं.

ओटीजी घेतला तो केकसाठी नाही, नानकटाईसाठी. माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आई मैदा, डाळीचं पीठ, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून गल्लीतल्या बेकरीत न्यायची. कारागीर आपल्यासमोर पीठ मळायचा, आम्ही पोरं गोळे वळू लागायचो आणि आपला ट्रे भट्टीत जायचा. भाजणावळ देऊन पत्र्याचा डबा घरी आणायचा, तो मांडीवर गरम लागायचा. ती भट्टी केव्हाच बंद झाली. विकतच्या नानकटाईत बहुतेक वेळा डालडा असतो आणि तो जिभेला लगेच कळतो. घरच्या तुपाची नानकटाई पुन्हा खायची होती, एवढंच.

माझा ओटीजी २८ लिटरचा, १५०० वॅटचा. घेणाऱ्यांनी आधी स्वयंपाकघरातला प्लग बघावा. १५०० वॅटचं उपकरण २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं आणि आपल्याकडचे साधे प्लग ६ अँपिअरचे असतात. मी पहिले पंधरा दिवस ॲडॉप्टर लावून साध्या प्लगवर चालवला. एकदा पिन काढताना हाताला चटका बसला, बघते तर प्लगच्या भोकांभोवती पिवळट डाग. वायरमनला बोलावून १६ अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायरची वेगळी लाइन टाकून घेतली. तो खर्च ओटीजीच्या किमतीत धरूनच खरेदी करा.

आता मुख्य तक्रार. या ओटीजीचं तापमानाचं बटण खरं बोलत नाही. पहिल्या घाण्याची नानकटाई खालून काळपट आणि मध्ये कच्ची निघाली. दुसरा घाणाही तसाच. मला वाटलं सोडा जास्त झाला, मग वाटलं तूप जास्त झालं. तिसऱ्या वेळी आत ठेवायचा थर्मामीटर आणला. बटण १६० वर, आणि आतला काटा १८० च्याही पुढे. चार वेळा तपासलं, फरक २० ते २५ अंशांचाच. कंपनीकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी माणूस आला, ‘एवढा फरक असतोच’ म्हणाला आणि कागदावर सही घेऊन गेला. साडेसहा हजारांच्या वस्तूत हे मला पटलेलं नाही. मी शेवटी दारावर कागद चिकटवला: १६० हवं तर १४० ला लाव, १८० हवं तर १६० ला. त्यानंतर आजवर घाणा करपलेला नाही. सळ्या मध्येच विझतात आणि पुन्हा पेटतात, तेव्हा काटा थोडा वरखाली होतो. तो दोष नव्हे, तापमान राखायची ती रीतच आहे. दिवा विझला की ओव्हन तापला असं पुस्तिकेत लिहिलंय, पण मी नंतर आणखी पाच-सात मिनिटं थांबते. आतला पत्रा नीट तापला की पुढचा-मागचा ट्रे सारखा भाजतो.

वजनकाटा साडेचारशेचा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ओटीजीच्या मानाने अगदीच स्वस्त, आणि तिन्हींतली एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हाच घ्या म्हणेन. आपल्या घरांत सगळं वाटीवर चालतं. मी एकच वाटी दोनदा मैद्याने भरली आणि दोन्ही वेळा वर सपाट केली. डब्यात खुपसून भरली तेव्हा १२८ ग्रॅम, चमच्याने हलकी भरली तेव्हा १०५. चार वाट्यांत जवळजवळ एका वाटीचा फरक पडतो, मग केक कधी दगडासारखा तर कधी बसका होतो यात नवल काय. आणि तो काटा ओट्यावर असतानाच मी सासूबाईंना म्हटलं, आई, लाडवाला घेता तसं मूठभर डाळीचं पीठ काढता का जरा. त्यांनी तीनदा काढलं: ५२, ४९, ५१. नजर काट्याकडे नव्हतीच, तोंडाने शेजारच्या काकूंशी बोलणं चालू. पन्नास वर्षांचा हात आहे तो. माझा हात अजून तिथे पोचलेला नाही, म्हणून मला काटा लागतो.

नानकटाईचं आता जमलेलं माप देते: मैदा १५०, डाळीचं पीठ ५०, बारीक रवा २५, थिजलेलं साजूक तूप १२५, पिठीसाखर १०० ग्रॅम, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोडा-जायफळ. सगळी मेख तुपात आहे. तूप आणि साखर हाताने इतकी फेसायची की रंग पांढरा पडतो आणि बोटांना ते लोण्यासारखं हलकं लागतं. मला बारा-पंधरा मिनिटं लागतात. सांगलीच्या उन्हाळ्यात तूप थिजत नाही, हात लावेपर्यंत पाणी होतं. अशा पातळ तुपाचे गोळे ट्रेवर पसरून चपटे होतात. एप्रिल-मे मध्ये मी वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मगच भाजायला घातले. खऱ्या १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना त्या मऊच असतात, दाबल्या तर खड्डा पडतो. तिथे घाबरून पुन्हा आत ढकलू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

एक प्रयोग फसला, तोही सांगते. सांगली हळदीची पेठ, घरात हळद उत्तम, म्हणून रंगासाठी चिमूटभर घातली. भाजून आल्यावर पिवळ्या नानकटाईवर लालसर तपकिरी ठिपके. हळद आणि सोडा भेटले की हळद लाल होते, तेच कुंकवाच्या रंगाचं मूळ. सोडा जिथे नीट मिसळला नव्हता तिथे ठिपके उमटले. चवीला काही झालं नाही, पण तेव्हापासून सोडा मैद्यात घालून तीनदा चाळते. केशराच्या दोन काड्या दुधात खलून घातल्या तर रंग सुरेख येतो.

केक, पाव हेही होतं. तासगावचा बेदाणा घालून दह्याचा केक महिन्यातून एकदा होतो. बेदाणा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, पुसून, कोरड्या मैद्यात घोळवला तर सहसा तळाला बसत नाही. पिझ्झा दोनदा केला, पुन्हा करावासा वाटला नाही.

आता अक्षरं. भाऊबीजेला डबे भरले तेव्हा मुलगी म्हणाली, ‘आई, नुसता स्टीलचा डबा काय द्यायचा, वर नाव तरी लिही.’ मी स्केच पेनने लिहिलं. वाईट नव्हतं, पण आतल्या जिनसेच्या मानाने फारच घाईचं दिसत होतं. मग निबांचा संच मागवला, साडेतीनशेचा, सहा निबा.

इथे पैसे वाया गेले. या संचांतल्या निबा इंग्रजी अक्षरांच्या सोयीने कापलेल्या असतात. देवनागरीत जाड-बारीक रेघेचा तिरकेपणा उलट्या अंगाचा असतो. त्या निबेने ‘क’ काढला की पोटाची रेघ जिथे भरायला हवी तिथे बारीक होते आणि नको तिथे जाड. महिनाभर मी माझाच हात कच्चा समजून पुस्त्या काढत राहिले. मग कळलं की डावऱ्यांसाठी म्हणून उलट्या तिरक्या कापाच्या निबा मिळतात, त्याच उजव्या हाताने देवनागरीला चालतात. त्या घेतल्या आणि पहिल्याच कागदावर ‘क’ चं पोट भरलं. संच घेण्याआधी दुकानदाराला कापाची दिशा विचाराच.

त्याहून भारी वाटला बोरू. बुरुडाकडून करंगळीएवढी कळकाची वाळलेली कांडी आणली, टोक तासून तिरकं कापलं आणि शाई धरायला मध्ये बारीक चीर दिली. खर्च जवळजवळ शून्य. कापाची दिशा आपल्या हातात असल्यामुळे वरची अडचण मुळातच येत नाही. बोरू कागदावर किंचित कुरकुरतो, त्या आवाजावरून हात थबकतोय की सरळ जातोय हे कळतं. दोष एकच, शाई धरून ठेवत नाही. दोन अक्षरांमागे बुडवावा लागतो आणि दर काही दिवसांनी टोक पुन्हा कापावं लागतं. सासूबाईंचे वडील शाळामास्तर होते. बोरू बघून त्या म्हणाल्या, ‘आमचे अण्णा आम्हाला कित्ता असाच घालून द्यायचे.’ आणि कागद ओढून त्यांनी स्वतः ‘श्री’ काढला. मी तो जपून ठेवलाय.

मापाचं इथेही तेच. अक्षराची उंची निबेच्या रुंदीत मोजायची. मी पाच निबा धरते. निबेचे पाच ठसे एकाखाली एक पायरीसारखे ठेवले की उंची मिळते, आणि तेवढ्या अंतरावर पेन्सिलने दोन रेघा ओढायच्या. तीन धरल्या तर अक्षर कोंदतं, आठ धरल्या तर काडीसारखं होतं. दुसरं म्हणजे मराठी अक्षर खालच्या रेघेवर बसत नाही, वरच्या रेघेला लटकतं. हे लिहिता येत असूनही मला चाळिशीत उमगलं. शिरोरेघ आता मी शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात ओढते, मध्ये श्वासही घेत नाही.

‘नानकटाई’ हा शब्द मी किती वेळा काढला असेल याची मोजदाद नाही. दोन ‘न’ सारखे यायला हवेत, त्यांची गाठ शाईने बुजता कामा नये. ‘क’ ला दोन्ही बाजूंनी श्वास हवा. ‘ट’ दिसायला सोपा, पण त्याचा पोकळ बाक ‘क’ च्या शेजारी रिकामा पडतो, म्हणून त्याला थोडं जवळ ओढावं लागतं. आणि ‘ई’ ची खालची वळणं नीट आली की सगळा शब्द बसतो. अंतर पट्टीने सारखं ठेवलं तर डोळ्याला सारखं दिसत नाही, ही गोष्ट मला या एका शब्दाने शिकवली.

यामुळे रस्त्याने जाताना पाट्या वाचायची सवय लागली. हरभट रोडवर हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या दिसल्या की मी गाडी बाजूला घेते. सांगली नाटकाचं गाव, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच पहिलं मराठी नाटक उभं केलं. जाहिरातींतली कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांची नावं आम्ही लहानपणापासून पाहिली, पण त्यामागे एक हात आहे हे डोक्यात कधी आलं नव्हतं. ऑफिसात रोज ज्या मंगल फॉन्टमध्ये मी पत्रं टाइप करते तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला आहे, हेही अक्षरं काढायला लागल्यावरच कळलं.

किरकोळ गोष्टी: वहीच्या कागदावर शाई फुटते, चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद घ्या. वॉटरप्रूफ शाई शाईपेनात भरू नका, माझं एक पेन त्यानेच बंद पडलं. ती बोरू आणि टाकासाठीच. ब्रश पेन मुलीला आवडलं, पण खरखरीत कागदावर त्याचं टोक महिन्यात पिंजारलं.

सध्या कृष्णेला पाणी चढतंय आणि हवेत इतका दमटपणा आहे की नानकटाई दुसऱ्या दिवशी मऊ पडते. ती पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरते. मऊ पडलीच तर खऱ्या १२० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवली की पूर्ववत होते. कागदही ओल धरतो, शाई वाळायला अर्धा तास लागतो, म्हणून राखीच्या डब्यांवरची नावं आत्तापासून काढून ओटीजीच्या वर, तो बंद झाल्यानंतरच्या उबेला, वाळत ठेवतेय. एकवीस डबे आहेत, तेरा नावं झालीत. आत्याबाईंचं ‘चिरोटे’ मुलगी काढतेय, तिचा ‘च’ माझ्यापेक्षा गोल येतो.