मुलांच्या कवटीची दुरुस्ती: कोणतं साहित्य वर्षानुवर्षं साथ देतं?

मेंदूची सूज उतरावी म्हणून काढलेलं हाड परत बसवताना पहिली पसंती त्याच हाडाला असते. उणे 80 अंशांवर किंवा पोटाच्या कातडीखाली जपलेला तो तुकडा जागेवर चपखल बसतो. मात्र मुलांमध्ये तो झिजून विरण्याचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा बरंच जास्त आहे. तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर जुनं हाड खात जातं आणि नवं तेवढ्या वेगानं भरत नाही. हाडाचे अनेक तुकडे झालेले असतील किंवा मुलाला शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढून टाकणारी नळी) असेल, तर धोका आणखी वाढतो. तीन महिन्यांनी व्रण सुरेख दिसतो, त्यावर समाधान मानू नका. पहिली दोन वर्षं कडेवरून हलकेच बोट फिरवून बघत राहा. खाच लागली, मऊ वाटलं किंवा स्क्रूचं डोकं कातडीखाली खड्यासारखं टोचलं, तर लगेच दाखवा.

आमच्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे कवटीचंच दुसरीकडचं हाड जाडीतून दोन पापुद्र्यांत चिरून त्यातला एक वापरणं. ते सांधतं आणि जंतुसंसर्गालाही चांगलं तोंड देतं. अडचण वयाची: साधारण तीन-चार वर्षांपर्यंत हाड इतकं पातळ असतं की चिरणं अवघड जातं.

टायटॅनियमची जाळी मजबूत, पण वरची कातडी वर्षांनुवर्षं पातळ होत जाऊन जाळी उघडी पडू शकते. सीटी स्कॅनवरून मापात बनवलेलं पीक (PEEK) नावाचं टणक प्लास्टिक स्कॅनमध्ये अडथळा आणत नाही, आकारही छान येतो. मात्र हाड त्याला धरत नाही, आणि संसर्ग झाला तर बहुतेकदा ते अख्खं काढावं लागतं. वाढत्या कवटीसोबत जाळी आणि पीक दोन्ही वाढत नाहीत, म्हणून कवटीची बरीचशी वाढ होईपर्यंत थांबता आलं तर उत्तम. बोन सिमेंट घट्ट होताना खूप तापतं, सतत पाणी सोडावं लागतं. मुलांसाठी आम्ही ते शेवटी ठेवू.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण स्वतःच हाड तयार करतं, त्यामुळे छोटी फट कधी कधी आपोआप भरते. हाड जागेवर धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या मात्र इथे नकोतच: कवटी बाहेरून भरते, आतून झिजते, आणि स्क्रू हळूहळू आत सरकतात. त्याऐवजी विरघळणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात.

डिस्चार्ज कार्डावर साहित्याचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. पुढे एमआरआयच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.