अल्युअर रिपोर्ट २: फेल टेस्टची कारणं शोधायला कितपत कामाचा?

सातपूरला आमची छोटी टीम द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर बनवते, त्याच्या ऑटोमेशन टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप तपासणारे प्रोग्रॅम, मी सांभाळते. रात्रीच्या रनमध्ये चाळीसेक टेस्ट फेल दिसल्या की बहुतेक जण वरून एकेक लॉग (टेस्ट चालताना झालेली नोंद) उघडत बसतात आणि सकाळ त्यातच जाते. खरं तर त्या चाळिसांमागे कारणं बहुधा तीन-चारच असतात. ती एका जागी दाखवायचं काम अल्युअर, म्हणजे टेस्टच्या निकालांचा रिपोर्ट बनवणारा प्रोग्रॅम, चोख करतो, तेही फुकट.

सगळ्यात उपयोगाचा भाग म्हणजे कॅटेगरीज, फेल टेस्टचे कारणांनुसार गट. असर्शन (अपेक्षित उत्तराशी पडताळणी) चुकलं तर टेस्ट लाल, ‘फेल्ड’. मध्येच दुसरं एक्सेप्शन, म्हणजे अनपेक्षित एरर, आलं तर पिवळी, ‘ब्रोकन’. एवढं आयतं मिळतं. पण कॅटेगरीज डॉट जेसन फाइलमध्ये आपले रेजेक्स (मजकूर जुळवायचे पॅटर्न) लिहिले की एरर मेसेजप्रमाणे गट पडतात. माझे गट: टाइमआउट, डेटाबेस कनेक्शन, तारखेचा फरक.

तारखेच्या गटाने जुनं दुखणं उघडं पाडलं. डिस्पॅच स्लिपच्या (माल पाठवतानाच्या चिठ्ठीच्या) टेस्ट कधी पास, कधी फेल. ‘फ्लेकी आहे’, म्हणजे टेस्टच लहरी आहे, म्हणत सगळे रीरन मारायचे, ती पुन्हा चालवायचे. हिस्टरी टॅबमध्ये मागच्या रनच्या वेळा पाहिल्या, तर फेल झालेले सगळे रन रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधले. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. तेवढा वेळ इथे तारीख बदललेली असते, तिथे नाही. म्हणजे टेस्ट बरोबरच होती! पहाटे गाडी भरली असती तर स्लिपवर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली असती. डोळे झाकून रीरन मारायला माझा विरोध आहे तो याचसाठी.

त्रासही आहेत. मशीनवर ‘जावा’ हे सॉफ्टवेअर असावं लागतं. इंडेक्स फाइल नुसती डबल-क्लिक केली तर रिपोर्ट उघडत नाही. मॅनेजरला पाठवायचा असेल तर सगळा रिपोर्ट एकाच फाइलमध्ये देणारा सिंगल-फाइल पर्याय वापरा. हिस्टरी हवी तर जुन्या रिपोर्टमधलं हिस्टरी फोल्डर दर वेळी नव्या रिझल्ट्समध्ये कॉपी करावं लागतं. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्स या टूलचा अल्युअर प्लगइन हे स्वतः करतो, बाकी ठिकाणी स्क्रिप्ट लिहा. हे टाळलंत तर निम्मा उपयोग गेला.

दहा-वीस टेस्ट असतील तर साधा लॉग पुरे. शेकड्यात असतील तर आधी रेजेक्स लिहायला एक दुपार काढा, मग रिपोर्ट टीमला दाखवा.