सेल्युलोजचा कायरल कॉलम: काही महिन्यांच्या वापरानंतर

एसिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध. त्यातला नको असलेला आर-आयसोमर, म्हणजे त्याच रेणूचं डाव्या-उजव्या हातासारखं आरशातलं रूप, मोजायला आम्ही सेल्युलोज कार्बामेटचा लेप दिलेला कायरल कॉलम घेतला. कॉलम म्हणजे एचपीएलसी यंत्रातली बारीक कणांनी भरलेली नळी, तिच्यातून द्रव वाहताना मिश्रणातले घटक वेगळे होतात; कायरल म्हणजे अशी दोन रूपंही वेगळी करणारी. 250 बाय 4.6 मिमी, कण 5 मायक्रॉनचे. नेहमीच्या साध्या सी-18 कॉलमच्या कितीतरी पट महाग, तेव्हा खरेदी विभागाची कुरकुर झालीच.

दोन्ही आयसोमरचे पीक (आलेखावरचे उंचवटे) वेगळे होतात, आणि सुरेख होतात. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव: हेक्झेन, थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि 0.1 टक्के डायइथिलअमाइन. डिटेक्टर 240 नॅनोमीटरवर. अमाइन गाळू नका. रेणू बेसिक आहे, त्याशिवाय पीकचं टेलिंग (मागे लांबणारी शेपटी) आवरत नाही. मोजणी त्या मानाने सोपी: दोन्ही आयसोमर यूव्ही सारखाच शोषतात, त्यामुळे एरिया (पीकखालचं क्षेत्रफळ) टक्केवारी सरळ चालते. रेसेमिक (दोन्ही आयसोमर निम्मे-निम्मे असलेलं) सिटालोप्राम इंजेक्ट केलं की एरिया 50-50 यायलाच हवा. आला नाही तर एखाद्या पीकखाली अशुद्धी दडली आहे किंवा इंटिग्रेशन (एरिया मोजणं) गंडलं आहे.

खरी डोकेदुखी असते पीक बाहेर येण्याच्या क्रमाची. नकोसा आयसोमर मोठ्या पीकच्या आधी आला तर 0.1 टक्काही स्वच्छ दिसतो. मागून आला की मोठ्याच्या शेपटीत बुडतो, मग रिझोल्यूशन (दोन पीकमधलं अंतर) 1.5 असूनही मन मानत नाही. पिर्कल प्रकारचे (कृत्रिम छोट्या कायरल रेणूंचे) कॉलम उलट्या हाताचेही मिळतात, तो बदलला की क्रम फिरतो. सेल्युलोज निसर्गाने एकाच हाताचं दिलंय, ती सोय नाही. आयपीएऐवजी इथेनॉल घालून बघावं; कधी कधी क्रम पालटतो.

लेप हा या कॉलमचा नाजूक भाग. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), डायक्लोरोमिथेन, अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट यांतलं काहीही लागलं की लेप विरघळतो आणि कॉलम गेला. सॅम्पल विरघळवतानाही हे चालत नाहीत, आणि हीच गोष्ट नवी मुलं हटकून विसरतात. यंत्र आधी बफरवर (क्षार विरघळलेल्या पाण्यावर) चालत असेल तर पाणी, मग आयपीए, मगच हेक्झेन. आयपीए घट्ट, प्रेशर चढतं, म्हणून फ्लो कमी ठेवायचा. बाटलीचं झाकण सैल असेल तर हेक्झेन उडतं आणि रिटेन्शन टाइम (पीक बाहेर यायची वेळ) सरकत जातो, उन्हाळ्यात जास्तच.

हेक्झेनसाठी एक एचपीएलसी वेगळं ठेवता येत असेल तर हा कॉलम बिनधास्त घ्या. एकाच यंत्रावर दहा जण काम करत असतील तर चार पैसे जास्त मोजून इमोबिलाइज्ड (लेप कणांना रासायनिक बंधाने जोडलेला) प्रकार घ्या, त्याला डायक्लोरोमिथेनही चालतं.