बाबांचे कृष्णधवल रोल आणि कूलस्कॅन व्ही ईडी : आठ महिन्यांनंतर

बाबांनी १९७२ ते १९८३ या काळात काढलेले रोल पत्र्याच्या डब्यात, बटरपेपरच्या पाकिटांत होते. बहुतेक इंदू, थोडे ऑर्वो कंपनीचे. त्यांच्यासाठी मी निकॉनचा जुना फिल्म स्कॅनर, कूलस्कॅन व्ही ईडी घेतला. आतापर्यंत ३४ रोल झाले.

हा स्कॅनर ज्या सोयीसाठी नावाजला जातो, ती ‘डिजिटल आइस’ (धूळ-ओरखडे आपोआप बुजवणारी) कृष्णधवल फिल्मवर बंदच ठेवा. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेड प्रकाश आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे तो अडवतात. यंत्राला धूळ कळते ती यावरून. आपल्या फिल्मवर मात्र चित्रच चांदीचं, आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. मग यंत्र चित्रालाच धूळ समजून बुजवायला लागतं. पहिल्या पट्टीत आजीच्या लुगड्याचे काठ असेच फाटल्यासारखे आले. इल्फर्ड एक्सपी२ ही कृष्णधवल फिल्म मात्र रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतली जाते, तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, म्हणून तिच्यावर आइस चालतं.

म्हणजे सफाई हातानेच. त्यात या स्कॅनरमधला एलईडीचा प्रकाश कडक. प्रिंट काढायच्या एन्लार्जरच्या मवाळ उजेडात लपणारा बारीक ओरखडाही तो दाखवतो. मी ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरतो, चकचकीत बाजूला गरज पडली तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल. बुरशी लागलेली पट्टी पाण्यात घालू नका. बुरशीने चित्र धरून ठेवणारं जिलेटिन पोखरलेलं असतं, ते विरघळलं की चित्रही गेलं.

दुसरा त्रास वाकलेल्या पट्ट्यांचा. या लेन्सची फोकसची खोली फार कमी; मधला चेहरा रेखीव आला तर कडेचे मऊ होतात. पट्ट्या पाकिटासकट जाड पुस्तकांखाली दोन आठवडे दाबून ठेवल्या की बराच फरक पडतो. फोकसचा बिंदूही मी फ्रेमच्या मध्यावर न ठेवता मध्य आणि कड यांच्या अधेमधे ठेवतो.

सुरुवातीला काळ्या छत्र्यांभोवती आकाशात धुरकट वलय यायचं. इतक्या वर्षांत आतल्या आरशावर धूळ बसली होती. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या माणसाकडून तो साफ करून घेतला आणि वलय गेलं. जुना स्कॅनर घेताना हे आधी तपासा : गडद आकृती, मागे उजळ आकाश, अशी एक फ्रेम लावून बघा.

निकॉनचा मूळ प्रोग्रॅम विंडोज व्हिस्टापर्यंतचाच, म्हणून मी व्ह्यूस्कॅन हा दुसरा स्कॅनिंग प्रोग्रॅम वापरतो. १६ बिट ग्रे, ४००० डीपीआय, आणि पूर्ण रोलला एकच एक्सपोजर. फ्रेम साधारण २१ मेगापिक्सेलची होते, फाइल ४० एमबीच्या वर. निगेटिव्ह तशीच साठवतो, उलटी (म्हणजे पॉझिटिव्ह) नंतर करतो. घाईत उलटवलं की आकाशातला तपशील जातो.

एवढं करून मिळतं काय? दिवेघाटातली एक फ्रेम सांगतो. पालखी चढावर आहे, उजव्या कडेला डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई. घरातल्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटमध्ये तिचा चेहरा म्हणजे एक ठिपका होता. कागदपत्रांच्या सपाट (फ्लॅटबेड) स्कॅनरवर काढून पाहिलं तेव्हा तिथे नुसती लापशी होती. या स्कॅनमध्ये फिल्मचा दाणा न् दाणा सुटा आहे, आणि त्या दाण्यांतून तिचं कुंकू, घामाने कपाळाला चिकटलेली बट, मिटलेले ओठ दिसतात. मी आईला बोलावून दाखवलं. तिने ओळखलं : शेजारच्या वाड्यातल्या काकू. त्यांचा घरात दुसरा फोटो नाही. मोठा प्रिंट करून त्यांच्या नातीला दिला.

आता डब्यात उरल्यात त्या क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्ह. त्या १२० या रुंद फिल्मच्या, ३५ मिमी फिल्मसाठीच्या या यंत्रात मावत नाहीत. लाइट टेबलवर ठेवून मॅक्रो लेन्सने टिपायला या रविवारी सुरुवात केली आहे.